मशिदीतलं पंचांग

बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियाची वस्ती तीस लाखांच्या आतली, बहुतेक लोक कॅथलिक. राजधानी विल्नियसजवळ एका खेड्याचं नावच ‘चाळीस तातार’ आहे आणि तिथे लाकडी मशीद आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजाने लढवय्ये तातार आणून वसवले, त्यांना जमिनी दिल्या. आज देशातले सगळे मुसलमान मोजले तरी दोन-तीन हजारच भरतात. तातार आपली भाषा केव्हाच विसरले. धर्माच्या पोथ्या त्यांनी अरबी लिपीत लिहिल्या खऱ्या, पण भाषा आजूबाजूचीच, बेलारूशी नाहीतर पोलिश. १९९५च्या कायद्याने त्या देशाने नऊ धर्म परंपरागत म्हणून मानले. त्यात सुन्नी इस्लामही आहे.

वरणगावात बसून हे वाचताना मला बुऱ्हाणपूर आठवलं. भुसावळला गाडी धरायची, रावेर ओलांडायचं की आलंच. आपली माणसं तिथे जातात, मावा जिलबी खातात, जमलं तर शाही किल्ला बघतात आणि परततात. जामा मशिदीच्या आतल्या भिंतीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिथे अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. सुरुवातीला सृष्टिकर्त्याला नमन, मग खानदेशच्या फारुकी राजांची वंशावळ, आणि शेवटी मशीद बांधल्याची मिती. ही मिती मुळातून बघण्यासारखी आहे: विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त काढताना जोशीबुवा जेवढं बघतात, तेवढं सगळं मशिदीच्या भिंतीवर कोरलेलं! बांधणाऱ्या आदिलशाह फारुकीचं नाव लेखात ‘एदलशाह’ असं येतं. शेजारच्या गावाला एदलाबाद म्हणत वाढलेल्या आमच्या पिढीला ते परकं वाटत नाही.

तातारांचं समजू शकतं. ते प्रजा होते, थोडे होते, जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण एदलशाह खानदेशचा राजा होता. त्याचा धर्म थोड्यांचा असला तरी तलवार त्याच्या हातात होती. अरबी लेखावर भागवलं असतं तर त्याला जाब विचारणारं कोण होतं? फारुकी काही संत नव्हते. लढाया आणि राजकारण त्यांनीही केलंच. तरीही आपल्या देवघराची तारीख रयतेच्या पंचांगातही लिहावी असं या राजाला वाटलं, हे मला त्याच्या सगळ्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं. पुढे १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. लेख तेवढा राहिला.

आणि राजाची गोष्ट सोडली तरी आपल्या शेजारी तडवी आहेत. यावल, रावेर, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत पिढ्यानपिढ्या राहणारे भिल्ल, धर्माने मुसलमान. सरकारी यादीत तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत येतात आणि त्या यादीला धर्माची अट नाही. म्हणजे कायद्यालाही हे कळलेलं आहे, की माणूस नमाज पढतो म्हणून तो डोंगराला परका होत नाही. गावातल्या कट्ट्यावर मात्र अजून एखादा विचारतो, ‘हे लोक मूळचे कुठले?’ सातपुड्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारणारा स्वतः बहुधा नोकरीच्या निमित्ताने इथे आलेला असतो. वरणगावात १९६४ला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तेव्हापासून आपल्यातही बाहेरून आलेले काही कमी नाहीत. त्यांना कुणी मूळ विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग तडव्यालाही विचारू नये.

पुढच्या वेळी बुऱ्हाणपूरला जाल तेव्हा जिलबीच्या आधी अर्धा तास काढा. मशिदीत नमाजाची वेळ टाळून जा, पादत्राणं बाहेर ठेवा आणि तो संस्कृत लेख कुठे आहे ते तिथल्याच कुणाला तरी विचारा. सोबत मुलांनाही न्या.