पाळीचे पाणी

आमच्या घरातली केबलची तार काढून टाकली, त्याला आता तीन वर्षे झाली. दरमहा पैसे भरायचे आणि पाहायचे काय, तर एकाच सुनेचा तोच तो छळ! ती गेली याचे कुणाला फारसे वाईट वाटले नाही. वाटले ते आक्काला. आक्का माझी थोरली बहीण. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचे जग पलंगापासून पडवीपर्यंत उरले आहे. सांगवीहून बारामती काही लांब नाही, पण तिला सिनेमागृहाच्या पायऱ्या चढवणे आता आमच्या हाती राहिलेले नाही. आणि सिनेमाचा नाद तर तिला लहानपणापासूनचा.

गेल्या पावसाळ्यात एक मराठी चित्रपट लागला. गावात जो तो त्याच्याविषयीच बोलू लागला. चौथ्या दिवशी पुतण्याने तो मोबाइलवर आणला आणि आक्काच्या खोलीतल्या टीव्हीला जोडून दिला.

"हा आला कुठून?" मी विचारले.

"ग्रुपवर आलाय, तात्या. सगळ्यांकडं आहे."

"म्हणजे चोरीचा."

"चोरी कसली? कुणाचं काही कमी झालं का? तिकडं थेटरात चालूच आहे की!"

या प्रश्नाला मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. गाय चोरली तर धन्याचा गोठा रिकामा होतो. इथे कुणाचा गोठा रिकामा झाला? कायद्याला विचारावे, तर तो शिक्षा सांगतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा व्हिडिओ कॅसेटींच्या सुळसुळाटामुळे १९८४ मध्ये कडक करावा लागला. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटाची अशी चोरून नक्कल करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठरवला. परंतु एखादी गोष्ट वाईट का, हे शिक्षेच्या आकड्यावरून कळत नाही. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

मला ते सापडले आमच्या पाटावर. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, आणि त्याच्यामागोमाग 'पाळी' हा शब्द इथल्या माणसाच्या हाडीमाशी खिळला. पाणी सगळ्यांचे, पण अमक्या दिवशी, अमके तास, अमक्याच्या शेताला. रात्री कुणी पाट फोडून आपल्या उसाला पाणी घेतो, तेव्हा त्याचाही युक्तिवाद माझ्या पुतण्याचाच असतो : कालवा तर वाहतोच आहे, कुणाचे काय गेले? कालवा वाहत असतो हे खरेच. त्याने घेतली ती दुसऱ्याची पाळी. आणि ती गेल्याचे कळते खाली, इंदापूरच्या अंगाला, कोरड्या चारीवर बसलेल्या एखाद्या माणसाला.

चित्रपटही असाच पाळीपाळीने वाहत खाली येतो. आधी सिनेमागृहे, मग बहुधा दीड-दोन महिन्यांनी मोबाइलवरच्या वर्गणीच्या सेवा, मग दूरचित्रवाणी; आणि अगदी शेवटी दूरदर्शनची ती फुकटची डिश, जी २००४ पासून छपराछपरांवर दिसते आणि जिला एकदा यंत्र घेतले की मासिक वर्गणी नाही. प्रत्येक टप्प्यावर करणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडते. मराठी चित्रपटाच्या पदरात पडायचे ते बहुतेक पहिल्या एकदोन आठवड्यांत, तेही खेळांच्या आडवेळा सांभाळून. २०१६ च्या जूनमध्ये 'उडता पंजाब'ची सेन्सॉरसाठी दिलेली प्रतच प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटली; म्हणजे पाणी कालव्यात सुटण्यापूर्वी धरणावरच कुणी बादली घातली. तो चित्रपट मोठ्या घरचा होता, निभावला. पण इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडली की करमाळा तालुका लागतो. तिथल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१४ मध्ये 'फँड्री' आणला आणि दोन वर्षांनी 'सैराट'. अशा मुलखातून येणाऱ्या एखाद्याचे पहिले पीक फडात उभे असतानाच कुणी तोडून नेले, तर त्याने दुसरी लागण कशाच्या जोरावर करावी?

इथवर माझे समाधान झाले होते. पण पाळीचा न्याय सांगणारा माणूस बहुधा कालव्याच्या वरच्या अंगाचा असतो, हेही मला ठाऊक आहे. शेपटाला पाणी पोचतच नाही अशी वर्षे इंदापूरने पाहिली आहेत, आणि सिनेमाच्या कालव्यावर आम्ही खेड्यातले लोक शेपटालाच आहोत. कित्येक मराठी चित्रपट आमच्या तालुक्यापर्यंत येण्याआधीच उतरतात. वर्गणीच्या सेवा पाच, प्रत्येकीचा दर वेगळा, आणि हवा तो चित्रपट नेमका सहावीवर! ज्याची पाळी कधी येणारच नाही त्याला पाळीचा उपदेश करणे हा उद्धटपणा होय. जो चित्रपट कुठे लागत नाही, कुठे विकत मिळत नाही, त्याची नक्कल कुणी आपल्या म्हाताऱ्या आईसाठी मिळवली, तर मी त्याला चोर म्हणणार नाही.

आक्काच्या चित्रपटाची गोष्ट मात्र तशी नव्हती. त्याची पाळी येणार होती. थांबायचे तेवढे होते. आम्हाला हवा होता तो चित्रपट नव्हे, त्याचा चौथा दिवस. गाव बोलते आहे तोवर आपणही बोलावे, एवढीच ती भूक. आणि पलंगावर खिळलेल्या बाईच्या बाबतीत तिला क्षुद्र म्हणवत नाही.

आपला चित्रपट १९१३ साली सुरू झाला तो हरिश्चंद्राच्या कथेने. मसणवटीचा कर धन्याचा आहे, तो सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून तो राजा आपल्या राणीपुढेही हात पसरतो. मी काही हरिश्चंद्र नव्हे. टीव्ही बंद करायला उठलो आणि तसाच बसलो.

त्याचे कारण सांगतो. ती नक्कल सिनेमागृहातच कुणी लपून टिपलेली होती. चित्र तिरपे, आवाज घुमणारा. मधेच पडद्यावरून एक काळी आकृती सरकली. "कोण उठलं रं ते?" आक्का म्हणाली. विनोदाला तिथली माणसे हसली की तीही हसे, त्यांच्या अर्ध्या क्षणाने मागून. मला जत्रेतला तंबू आठवला. तिकिटाला पैसे नव्हते तेव्हा कनात वर उचलून मला आत ढकलणारी हीच आक्का, आणि मागून परकर सावरत सरपटत आलेलीही हीच. त्या तंबूवाल्याचे पैसे आम्ही अजून दिलेले नाहीत. शेवटपर्यंत मी तिच्या उशाशी बसून राहिलो.

सुमारे दोन महिन्यांनी तो चित्रपट एका सेवेवर आला. मी महिन्याची वर्गणी भरली, पुतण्याला पावती दाखवली. तो हसला. आक्काला उशा लावून बसवले. चित्र आरशासारखे स्वच्छ, शब्दन् शब्द ऐकू येणारा. तिने सगळा पाहिला. विनोदाच्या जागी थोडी थांबून माझ्याकडे पाही. संपल्यावर म्हणाली, "ह्यात ती माणसं न्हाईत व्हय रं हसायला?"