यजमान आणि प्रतिनिधी : बीड जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीतील एक तात्त्विक पेच

निवडणुकीत मतदार आपला प्रतिनिधी निवडतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जी संस्था अजून जन्माला यायची आहे, तिच्या पहिल्या निवडणुकीत मतदार नेमके काय करतो, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. १९६२ साली बीड जिल्ह्यातील लोकांनी जिल्हा परिषदेसाठी पहिल्यांदा मतदान केले, तेव्हा ही परिषद त्यांच्या ओळखीची नव्हती. होता तो विधिमंडळात संमत झालेला एक कायदा आणि त्या कायद्यानुसार आखलेले गट, म्हणजे एकेक सदस्य निवडून देणारे मतदारविभाग. गेवराईकडचा गोदाकाठचा शेतकरी आणि पाटोद्याच्या बालाघाटावरचा शेतकरी यांना ‘बीड जिल्ह्याचे लोक’ या एका समूहाचे घटक म्हणून कौल द्यायला सांगण्यात आले, आणि नव्या कायद्याच्या अर्थाने हा समूह त्या कौलानेच प्रथम एकत्र आला. लोकांनी परिषद घडवली की परिषदेने लोक घडवले, असा हा पेच आहे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली, परंतु भर दिला तो तालुक्याच्या पातळीवरील पंचायत समितीवर. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये नेमलेल्या समितीने हा भर जिल्ह्याकडे वळवला. जिल्हा परिषदेचे सदस्य थेट लोकांनी निवडावेत, आमदार-खासदारांना तिच्यात स्थान नसावे आणि जिल्हाधिकारीही तिच्या बाहेर असावा, अशी या समितीची भूमिका होती. त्यावरून ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ तयार झाला आणि १ मे १९६२ पासून अमलात आला. तोवर पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डे, विदर्भात जनपद सभा आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या कायद्याखालची जिल्हा मंडळे, अशी तीन तऱ्हांची व्यवस्था होती. ती सगळी आता एका साच्यात आली. बीडच्या बाबतीत हे स्थित्यंतर अधिक ठळक होते, कारण चौदाच वर्षांपूर्वीपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्याचा कारभार उर्दूत चालत होता आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत.

आता ‘प्रतिनिधी’ या शब्दाकडे वळले पाहिजे. मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द इतका गुळगुळीत करून टाकला आहे की त्याला स्वतःचे शास्त्र आहे याची आठवण राहिलेली नाही. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातील कर्मविधींचा अर्थ लावणारे दर्शन, या शब्दाचा बारकाईने विचार करते; जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद बराचसा याच विषयाला वाहिलेला आहे. तेथे प्रतिनिधी म्हणजे मूळ वस्तू न मिळाल्यास तिच्या जागी घ्यायची दुसरी वस्तू. पुरोडाशासाठी, म्हणजे यज्ञात अर्पण करायच्या रोटासाठी, साळ सांगितलेली असेल आणि ती मिळत नसेल, तर नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे देवभात, चालते. कारण त्याचे साळीशी साम्य आहे. मात्र ही सवलत द्रव्यापुरतीच. देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, आणि यजमानालाही नाही. कारण कर्माचे फळ ज्याला मिळायचे तो यजमान, आणि ज्याच्या जागी दुसराच उभा केला त्याला फळ मिळण्याची भाषाच संपते.

एक अपवाद मात्र मीमांसक मान्य करतात, आणि या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात किमान १७ आणि जास्तीत जास्त २४ जण एकत्र येतात. तेथे वेगळा यजमान आणि वेगळे ऋत्विज, म्हणजे पुरोहित, नसतात, सगळेच यजमान असतात. असे सत्र सुरू झाल्यावर त्यांतील एखादा मरण पावला, तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा माणूस आणता येतो. हा आणलेला माणूस कर्म करतो, परंतु फळाचा धनी होत नाही. म्हणजे यजमानाला प्रतिनिधी मिळू शकतो तो दोन अटींवर : यजमान अनेक असले पाहिजेत, आणि कर्म आधीच सुरू झालेले असले पाहिजे. साळीच्या दाण्यावरून मीमांसकांनी जितका काथ्याकूट केला, त्याच्या दशांशानेही तो मराठी राज्यशास्त्राने या शब्दावरून केलेला नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

या कसोटीवर १९६२ ची निवडणूक पाहिली, की पहिली अट सहज पुरी होते, कारण प्रौढ मताधिकाराने सगळेच मतदार सारख्या दर्जाचे यजमान होतात. अडचण दुसऱ्या अटीची आहे. कर्माची सुरुवात संकल्पाने होते, आणि बीड जिल्हा परिषदेचा संकल्प बीडमध्ये सुटलेला नव्हता, तो विधिमंडळात सुटला होता. संकल्प एकाचा आणि यजमानपण दुसऱ्याचे, अशी ही स्थिती. त्या विधिमंडळात बीडचेही आमदार होते हे खरे, परंतु ते तेथे महाराष्ट्राच्या लोकांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. जिल्ह्याचे लोक म्हणून बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता, कारण तो देणारा समूहच तयार व्हायचा होता. रूसोने १७६२ मधील ‘सामाजिक करार’ या ग्रंथात हीच गाठ दाखवली आहे : चांगल्या कायद्यांनी जे लोक घडायचे, ते लोक कायदे होण्याआधीच तसे घडलेले असावे लागतात, म्हणजे कार्यालाच कारण व्हावे लागते. सार्वभौमत्वाला प्रतिनिधी असू शकत नाही, असेही तो त्याच ग्रंथात म्हणतो, आणि तेथे तो नकळत जैमिनीच्या बाजूला येऊन उभा राहतो.

या पेचावर एक उत्तर अद्वैताच्या दिशेने सुचवता येईल, आणि ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईला ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी आहे, तेथे ते सुचणे स्वाभाविकही आहे. घटातील आकाश, म्हणजे मडक्यातली पोकळी, वेगळी भासते ती मडक्यामुळे. आकाश मुळात एकच. मडक्यासारख्या मर्यादा घालणाऱ्या निमित्ताला उपाधी म्हणतात. जिल्हा ही अशी उपाधी मानली, तर लोक आधीपासून होतेच, कायद्याने त्यांच्याभोवती फक्त मडके ठेवले, असे म्हणता येते. हे उत्तर देखणे आहे, परंतु पुरेसे नाही. मडके फुटले तरी आकाशाचे काही बिघडत नाही. जिल्ह्याची हद्द किंवा गटाची रेघ हलली, तर मात्र कोणते गाव कोणाबरोबर मत देणार, रस्ता आधी कोणत्या वस्तीला मिळणार आणि अध्यक्षपद कोणत्या भागाकडे जाणार, हे सगळे बदलते. बीडचे तालुके आज ११ आहेत. परळी, धारूर, वडवणी, शिरूर कासार हे मागाहून झालेले. प्रत्येक नव्या तालुक्याबरोबर त्या परिसरातल्या ‘आपण’ या शब्दाचा अर्थ थोडा सरकला. राजकीय उपाधी आपल्या आतल्या पोकळीला आकार देते, एवढा फरक वेदान्ताच्या दृष्टान्तात बसत नाही.

बीडच्या पहिल्या निवडणुकीनंतर दशकभराने इंग्लंडमध्येही असाच प्रसंग आला. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने तेथे नवे जिल्हे आखले गेले, १९७३ मध्ये त्यांच्या परिषदांच्या पहिल्या निवडणुका झाल्या आणि अधिकार मात्र १ एप्रिल १९७४ ला मिळाले. मधल्या काळात जुन्या परिषदा कारभार पाहत होत्या आणि नव्या परिषदा सावलीसारख्या त्यांच्या शेजारी बसून तयारी करत होत्या. निवडून आलेला सदस्य काही महिने कशाचाच सदस्य नसतो, ही अवस्था विचित्र वाटेल, परंतु ती प्रामाणिक आहे. पहिल्या मतदानाने सत्ता मिळत नाही, मिळते ती केवळ पात्रता, हे ती उघडपणे मान्य करते.

पात्रतेचे अधिकारात रूपांतर केव्हा होते, हाच मग खरा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पहिल्या निवडणुकीत शोधणे व्यर्थ आहे. ते दुसऱ्या निवडणुकीत आहे. १९६७ साली बीडचा मतदार पुन्हा केंद्रावर गेला तेव्हा कर्म सुरू झालेले होते : मराठवाड्यातल्या सरकारी शाळा परिषदेच्या झाल्या होत्या, दवाखाने, विहिरी, रस्ते यांबद्दल जाब विचारायला कोणीतरी होते, आणि ‘झेडपीचा मेंबर’ हा बोलीतला शब्द झाला होता. संकल्प विधिमंडळाचा असला, तरी पाच वर्षांचा हिशेब बीडचा होता, आणि हिशेब मागणारा तो यजमान. सत्राची दुसरी अट अशी उशिरा, जवळजवळ पाठीमागच्या दाराने, पुरी झाली.

ती तशीच पुरी राहिली असती, तर हा विषय येथेच थांबला असता. परंतु १९६२, १९६७, १९७२ आणि १९७९ नंतर जिल्हा परिषदांची पुढची निवडणूक १९९२ मध्ये झाली. म्हणजे १३ वर्षे यजमानाला विचारलेच गेले नाही. १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संविधानात घातली, आणि तरीही २०१७ साली निवडलेल्या परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर बीडमध्ये प्रशासक आला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, काही वेळा सदस्यांहून अधिक; पण मीमांसेच्या भाषेत तो ऋत्विज आहे, दक्षिणा घेऊन कर्म करणारा, आणि यजमानाच्या आसनावर ऋत्विज बसल्याने कर्म थांबत नाही म्हणून आसन रिकामे नाही असे होत नाही. मीमांसकांचा आणखी एक नियम येथे आठवतो : घेतलेला प्रतिनिधी नष्ट झाला तर पुढचा शोधताना मूळ वस्तूशी साम्य पाहावे, नष्ट झालेल्या प्रतिनिधीशी नव्हे. एका घराण्यातला मेंबर गेला की त्याच घराण्यातला दुसरा पाहण्याची जी रीत जिल्ह्याजिल्ह्यांत रुळली आहे, ती या नियमाच्या नेमकी उलट आहे.

आणि मूळ वस्तू, म्हणजे स्वतः मतदार, तरी जागेवर असतो का? दसरा-दिवाळीनंतर बीडमधून ऊसतोड कामगार उचल घेऊन, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेऊन, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात. २०१७ ची निवडणूक फेब्रुवारीत, भर हंगामात झाली. अशा वेळी मतदानासाठी गावी आलेला कामगार जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या वर्गात बोटाला शाई लावून घेतो आणि पुन्हा फडाची वाट धरतो. हंगामाच्या महिन्यांसाठी गावात ठेवलेल्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाची सोय त्याच शाळेकडे असते, आणि तिथला स्वयंपाक नीट होतो की नाही हे विचारायला तो उन्हाळ्याआधी गावात नसतो.