थांबलेल्यांना आधी निरोप

युनिक्समध्ये प्रोसेस संपते तेव्हा कर्नलला बरीच आवराआवर करावी लागते. मेमरी परत घ्यायची, उघड्या फाइली बंद करायच्या, मागे राहिलेल्या मुलांना बहुधा इनिटच्या ओटीत घालायचं. हे झालं हिशेबाचं काम. मला मोलाचा वाटतो तो त्याला जोडूनच येणारा एक नियम: जाणाऱ्याच्या मागे कोणी थांबलेलं राहिलं आहे का, हे कर्नल पाहतो.

शेलमध्ये विम हा एडिटर उघडा आणि कंट्रोल-झेड दाबा. विम मरत नाही, थांबतो. एफजी म्हटलं की जिथल्या तिथे परत येतो. आता दुसऱ्या टर्मिनलवरून त्या शेललाच किल -९ करा. त्याने जाणारा सिगकिल हा सिग्नल अडवता येत नाही, त्यामुळे आपल्या जॉबना काही सांगायची उसंतच शेलला मिळत नाही. एफजी म्हणणारं कोणी उरलं नाही. विमचा प्रोसेस-गट पोरका झाला. अशा वेळी कर्नल त्या गटाला आधी सिगहप, म्हणजे टर्मिनल गेल्याचा निरोप, पाठवतो आणि लगेच सिगकाँट, म्हणजे पुन्हा चालू होण्याचा. दुसरा हवाच, कारण थांबलेल्या प्रोसेसपर्यंत निरोप पोचला तरी तिला हालचाल करता येत नाही. जागा झालेला विम सिगहप पकडतो, न साठवलेला मजकूर स्वॅप फाइलमध्ये ठेवतो आणि मगच संपतो.

त्याच शेलमधून मागे चालू असलेल्या प्रोसेसला मात्र कर्नल यातलं काहीच पाठवत नाही. ती धावते आहे, तिचं ती पाहील. (शेलला स्वतःला सिगहप आला, तर बॅश तो सगळ्या जॉबना पुढे धाडतो आणि म्हणून जॉब टिकवायला नोहप लागतो, पण तो शेलचा कारभार.)

१९८०च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्समध्ये जॉब कंट्रोल आलं, तेव्हा कामं मध्येच थांबवून ठेवायची सोय झाली आणि तिच्यासोबत हा पेचही. १९८८च्या पॉसिक्सने पोरक्या गटांचा नियम मानकात घातला. सरसकट सिगकिल पाठवणं सोपं होतं. काहीच न करणंही सोपं होतं, फक्त थांबलेल्या प्रोसेस मेमरी अडवून कायमच्या पडून राहिल्या असत्या. सिगहपवर काहीच तजवीज केली नसेल तर मरण ठरलेलंच. तरी आवरून घ्यायची संधी प्रत्येकाला मिळते. सगळी सत्ता हाती असणाऱ्याने इतकं करावं, याचं मला फार अप्रूप आहे.

ती संधी वाया घालवणारे प्रोग्रॅम मात्र आपणच लिहितो. सिगहपकडे दुर्लक्ष करायचं आणि गेलेल्या टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न फेऱ्यावर फेऱ्या घालत चालूच ठेवायचा. असा प्रोग्रॅम सर्व्हरचा एक अख्खा कोअर खात बसतो, आणि शेवटी कोणाला तरी त्याच्यावर किल -९ चालवावं लागतं.