अंगठा, तडजोड आणि न्याय



कारखान्यात यंत्रात हात सापडतो, बांधकामावर परांचीवरून पाय घसरतो आणि घरातला मिळवता माणूस अंथरुणाला खिळतो. मग मालकाचा माणूस दारात येतो. “कोर्टकचेरीत कशाला पडता? हे पैसे घ्या आणि इथे अंगठा करा,” असे गोड शब्दांत सांगतो. चूल विझलेली असते. अंगठा उमटतो. ही तडजोड झाली काय? आणि ती घडवून आणणारा वकील शांतीचे काम करतो की अन्यायाचे? कामगारांची भरपाई आणि मध्यस्थी हाच ज्यांचा जन्माचा व्यवसाय, त्या वकिलांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. आपल्यापुढेही तो आहे, कारण अंगठा आपल्याच घरातला असतो.

एकलव्याने आपला अंगठा स्वखुशीने दिला, असे आपल्याला पिढ्यान्पिढ्या सांगण्यात आले. पण ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणता येईल काय?

ही गोष्ट कायद्यानेही ओळखली होती. 1923 साली, म्हणजे ज्या साली बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली त्याच साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. काम करताना व कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के घटली, असे त्याच्या परिशिष्टात धरलेले होते. त्याहून महत्त्वाचे असे की, भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार त्या कायद्याने रद्दबातल ठरविला. तडजोडीची रक्कम अपुरी असेल, किंवा दडपणाने वा फसवणुकीने सही घेतली असेल, तर आयुक्त त्या कराराची नोंदणी नाकारू शकत. 2009 साली या कायद्याचे नाव बदलले व पुढे तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण त्यातील शहाणपण विसरण्याजोगे नाही: भुकेल्याची सही तपासून घ्यावी लागते.

मग मध्यस्थी वाईट काय? मुळीच नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा झाला, तेव्हा सिद्धार्थाने दोन्हीकडचे दोन-दोन प्रतिनिधी निवडावेत व त्या चौघांनी पाचवा निवडून निवाडा करावा असे सुचविले, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे. तेथे दोन्ही बाजूंना सारखेच स्थान होते. उलट 1938 साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची कार्यवाही पुरी होण्यापूर्वी संप केला तर तो गुन्हा, असे त्यात होते. कामगाराच्या हातातील एकमेव बळ काढून घ्यायचे आणि मग त्याला समेटाला बसवायचे, हा कसला समेट? बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांसह एक दिवसाचा संप घडविला.

मध्यम मार्ग म्हणजे निम्मे तुझे, निम्मे माझे असा हिशेब नव्हे. शंभराचा हक्क पन्नासावर तोडणे हे मध्यस्थाला सोपे असते. पण जखमी माणसाला त्याचा हक्क किती, वाट पाहिली तर काय मिळेल, हे आधी समजावून सांगणे हे त्याचे खरे कर्तव्य. हे सांगून झाल्यावर कामगार स्वतः थोडे कमी घेऊन लवकर मोकळा झाला, तर तो त्याचा निर्णय. न सांगता झाली, ती लूट. वकिलाची सम्यक आजीविका येथेच कसाला लागते. भरपाईत वाटा मागणारी फी ठरविण्यास वकिलांच्या आचारनियमांत मनाई आहे, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून घरात अपघात झाला तर घाईने अंगठा करू नका. कागद शिकलेल्या मुलाकडून, मुलीकडून वाचून घ्या. वकिलाला प्रश्न विचारा. शांती हवीच, पण न्यायाला डोळसपणे भेटून आलेली शांतीच टिकते.