कोवळ्या हाती विळा



पोळा झाला, पावसाने उघडीप दिली, की वाडीच्या आसपास जिकडे तिकडे गवत कमरेइतके वाढलेले दिसते. नागपुराहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव आता घरांनी व गोदामांनी भरून गेले आहे. तरी मोकळ्या जागी, नाल्याकाठी व शेतांच्या धुऱ्यांवर गवताचा जोर काही कमी झालेला नाही. कोणाला ते बकरीसाठी हवे असते, कोणाला सापाच्या भयाने अंगणातून काढावयाचे असते, आणि उपासनामंदिराचे आवार तर उपकारस्तुतीच्या सणापूर्वी स्वच्छ झालेच पाहिजे. मग घरोघर एक प्रश्न उभा राहतो : हे काम मुलाला सांगावे काय? मूल किती वर्षांचे झाले म्हणजे त्याच्या हाती विळा द्यावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याने माझे अंतःकरण कसे उघडे पाडले, ते सांगणे मला भाग आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मंदिराच्या आवारातील गवत कापावयाचे होते. माणूस मिळेना व रविवार तर जवळ आला. शब्बाथ शाळेत येणारा एक अकरा वर्षांचा मुलगा समोर दिसला; त्याची आई विधवा असून निंदणास जात असे. मी त्याला हाक मारली, विळा दिला, आणि खाऊला पैसे देईन असे सांगितले. माझा स्वतःचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तोही जाऊ का म्हणून विचारू लागला. मी म्हणालो, "तू अजून लहान आहेस, हात कापून घेशील." तासाभरात त्या गरीब मुलाने डाव्या हाताचे बोट हाडापर्यंत कापून घेतले. दवाखान्यात टाके घातले गेले. त्याची आई शेतातून धावत आली. ती रागावली नाही. मुलाला पोटाशी धरून तिने इतकेच विचारले, "गुरुजी, तुमचा बाबू तं याच्याहून मोठा हाय नं जी?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. एकाच सकाळी, एकाच अंगणात, बारा वर्षांचा मुलगा लहान ठरला आणि अकरा वर्षांचा मोठा ठरला. ठरविणारा मीच होतो. तेव्हा मला कळून आले की, मूल केव्हा मोठे झाले हे आपण पुष्कळदा त्याच्या अंगाकडे पाहून ठरवीत नाही, तर आपल्या गरजेकडे पाहून ठरवितो. आणि परक्याचे मूल गरीब असले म्हणजे ते आपल्या डोळ्यांना लवकर मोठे दिसते. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांना सहा-सात वर्षांच्या वयात दुसऱ्याची गुरे राखावयास धाडीत असत. त्यांना मोठे कोणी म्हटले? ज्याची गुरे होती, त्याने.

सरकारच्या कायद्यातही हीच गोष्ट दिसते. नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हा कारखान्यात मुलांना कोणत्या वयापासून घ्यावे याविषयी हिंदुस्थानात कायदाच नव्हता. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस मनाई केली. म्हणजे सात वर्षांचे मूल दिवसाला नऊ तास यंत्रापाशी उभे राहण्याजोगे झाले असे मानले गेले. १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षे झाली, १९२२ साली बारा, आणि १९४८ साली चौदा. ह्या सदुसष्ट वर्षांत मुलांची हाडे काही बदलली नाहीत. बदलली ती वडील माणसांची सदसद्विवेकबुद्धी, आणि तीही हळूहळू. आता २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीस लावता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत त्याने आपल्याच कुटुंबाच्या बिनधोक्याच्या कामात हातभार लावावा, एवढी मोकळीक आहे. तेव्हा मंदिराचे काम असले तरी खाऊचे पैसे देऊन परक्याच्या मुलाला कामास लावताना आपण कोणत्या बाजूस उभे आहो, ह्याचा विचार प्रत्येक पंचाने व उपदेशकाने करावा.

कोणी म्हणेल, मग एक वय ठरवून टाकावे म्हणजे झाले. अमेरिकेत घरापुढील हिरवळ कापण्याचे यंत्र असते. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने असा सल्ला दिला आहे की, ढकलत न्यावयाचे यंत्र बारा वर्षांच्या आत व बसून चालवावयाचे यंत्र सोळा वर्षांच्या आत मुलाला देऊ नये. असा आकडा कुंपणासारखा उपयोगी असतो. त्याच्या अलीकडे जाऊच नये. परंतु कुंपण म्हणजे वाट नव्हे. बारा वर्षे पूर्ण झाली त्या सकाळी मुलाच्या मनगटात जोर व डोक्यात सावधपणा एकाएकी उतरत नाही.

पवित्र शास्त्रात ह्याविषयी आकडा नाही; परंतु डोळे उघडणाऱ्या गोष्टी आहेत. शास्त्यांच्या पुस्तकात गिदोनाने आपल्या वडील मुलास दोघा मिद्यानी राजांना मारावयास सांगितले, तेव्हा त्याने तरवार उपसलीच नाही, कारण तो अजून कोवळा असून त्याला भीती वाटली. बापाने मुलाच्या हाती शस्त्र दिले. पण मुलाचे मन त्या शस्त्राला पोहोचले नव्हते. शूनेम येथील बाईचा मुलगा कापणी चालू असता बापाकडे शेतात गेला, आणि तेथे त्याचे डोके दुखू लागले. बापाने चाकराकरवी त्याला आईकडे पोहोचविले, आणि दुपारी त्याने आईच्या मांडीवर प्राण सोडला. अलीशाच्या प्रार्थनेने देवाने त्याला उठविले, हे खरे. परंतु कापणीच्या घाईत लेकराच्या तक्रारीकडे किती लक्ष द्यावे, हा प्रश्न ती गोष्ट प्रत्येक बापापुढे ठेविते. आणि याकोबाकडे पाहा. एसावाने बरोबर चलण्याचा आग्रह केला असता त्याने मुले कोवळी असल्याचे कारण पुढे केले, आणि मुलांच्या चालीने आपण सावकाश येऊ असे सांगितले. जो मनुष्य आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुढे धावण्याची धडपड करीत आला, तो येथे लेकरांच्या पावलांबरोबर चालतो.

तर मग मुलांना कामच देऊ नये काय? तसे मी म्हणत नाही. माझी पहिली चूक परक्याच्या मुलाविषयी होती. दुसरी माझ्या मुलाविषयी होती. त्याला मी काम शिकविले नाही. आपल्यापैकी काहींना चार अक्षरे आली म्हणजे विळ्याची व खुरप्याची लाज वाटू लागते, आणि मुलांनी त्यास हात लावू नये असे वाटते. आपला प्रभू बारा वर्षांचा असता मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसला, आणि नंतर नासरेथास जाऊन आईबापांच्या आज्ञेत राहिला. लोक त्याला सुतार म्हणून ओळखीत. योसेफाने त्याच्या हाती वाकस कोणत्या वर्षी दिला हे शास्त्र सांगत नाही. परंतु तो दिला, आणि शिकवून दिला, असे मानावयास काय हरकत आहे?

माझ्या मते मुलाची योग्यता चार गोष्टींवरून ओळखावी. पहिली, सांगितलेले काम थांबव म्हटल्याबरोबर तो थांबतो काय? दुसरी, धोका कोठे आहे हे तो आपल्या तोंडाने सांगू शकतो काय? विळ्याने गवत कापताना डाव्या हाताने मूठ धरलेली असते व पाते आपल्याकडे ओढावयाचे असते, म्हणून डावी बोटेच कापतात. हे ज्याला कळले नाही त्याने विळा धरू नये. तिसरी, हत्यार त्याच्या हाताच्या मापाचे आहे काय? शौलाचे चिलखत दावीदाने उतरवून ठेविले, त्यात त्याची भीती नव्हती, शहाणपण होते. चौथी, "मला हे जमत नाही" असे म्हणण्याची त्याला आपल्या घरात मुभा आहे काय? जेथे नकार देता येत नाही, तेथे मुलाचा होकार काही सिद्ध करीत नाही.

ह्याच क्रमाने काम द्यावे. लहानाने कापलेले गवत गोळा करावे. थोड्या मोठ्याने हाताने उपटावे, मग खुरपे धरावे. आणि विळा धरावा तो वडील माणूस शेजारी बसून कापीत असतानाच. कडबा कुट्टीचे यंत्र चाऱ्याबरोबर हातही आत ओढते, आणि पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र दगड दूरवर उडविते; ही दोन्ही मुलांची कामे नव्हेत, आणि ती चालू असता मुलांना जवळ उभेही राहू देऊ नये. गवतात काठी आपटून मगच पाऊल टाकावे, कारण आपल्याकडे घोणस व मण्यार असतात. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसचा ताप पसरला होता. तो गवता-झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो, म्हणून अंगभर कपडे घालावे व काम झाल्यावर स्नान करावे. जखम झाल्यास साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखान्यात न्यावे. धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी टोचली आहे की नाही, हेही पाहावे.

एक गोष्ट राहिली. त्या विधवेची बकरी उपाशी होती, म्हणून तिचा मुलगा विळा वापरावयास शिकला होता. तिला मी कोणत्या तोंडाने उपदेश करावा? ज्या घरी पुरुषमाणूस नाही, त्या घराचे गवत मंडळीतील धडधाकट पुरुषांनी कापून द्यावे. तसे न करता तिने मुलाला विळा दिला म्हणून तिला दोष देणे हा अन्याय आहे. त्या वर्षापासून मी हा नियम पाळीत आलो : मंदिराचे गवत आम्ही वडील माणसे कापतो, आणि एक भारा त्या बाईच्या दारी जातो. पुढे माझ्या मुलालाही मी शेजारी बसवून विळा शिकविला.

तो मुलगा आता तरुण झाला आहे. हात जोडून प्रार्थनेस उभा राहिला म्हणजे त्याच्या बोटावरचा वण मला दिसतो. परमेश्वराने मला क्षमा केली आहे असा माझा विश्वास आहे. तथापि तो वण मला दर रविवारी विचारतो की, ज्या मुलाला तू आज मोठा म्हणतोस, तो तुझा असता तरी त्याला मोठाच म्हटले असतेस काय? वाचकहो, मुलाच्या हाती विळा देण्यापूर्वी हा प्रश्न आपणही आपल्या मनाला विचारावा.