घाट कोणी पाहिला?

येडशीचा घाट खंडाळ्याएवढा मोठा नाही. धाराशिवहून निघालेली पॅसेंजर येडशी सोडते, बालाघाटाची कड उतरायला लागते, दोन-चार वळणं घेते आणि पांगरी यायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. पण श्रावणात त्या तेवढ्या वाटेवर जे दिसतं, त्यासाठी घरदार घेऊन निघावं. एरवी उन्हानं करपलेले उतार हिरवेगार झालेले असतात, सीताफळीच्या झुडपांवर बोराएवढी फळं धरलेली असतात आणि खाली दरीत रामलिंगाच्या बाजूला ओढा वाहत असतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला हा ठरलेला बेत आहे. सकाळी गाडीनं बार्शी गाठायची, भगवंताचं दर्शन घ्यायचं, परतताना येडशीला उतरून रामलिंग करायचं आणि दिवेलागणीला घरी. ज्या देवळाच्या आवारात जटायूची समाधी सांगतात, जखमी पाखराला पाणी मिळावं म्हणून रामानं बाण मारून झरा काढला असं सांगतात, तिथं मुलांना न्यायलाच हवं.

गेल्या श्रावणात या गाडीत माझ्यासमोर असंच एक कुटुंब बसलं होतं. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. खिडक्यांशी नातवंडं, त्यांच्या शेजारी मोबाइल धरून वडील. सून कडेला, मधल्या वाटेत पाय काढून बसलेली. येडशी सुटली तशी पोरांना भूक लागली. तिनं मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्या डब्यात दही. धपाट्याचे तुकडे करून धाकट्याच्या हातात दिले. आजोबांना दातानं तुटेना म्हणून त्यांचा धपाटा दह्यात कुस्करून दिला. थोरल्याच्या सदऱ्यावर चटणी सांडली, ती ओल्या रुमालानं पुसली. आजीची गोळी जेवणाआधीची की नंतरची, यावर थोडं बोलणं झालं. डब्याचं झाकण दाबून बसवलं, तेलकट बोटं कागदाला पुसली आणि मग तिनं मान वर करून नवऱ्याला विचारलं, "घाट आला का हो?"

"गेला की मघाशीच," तो म्हणाला. "व्हिडिओ काढलाय, घरी गेल्यावर बघ."

त्याच्या बोलण्यात कुठं तुसडेपणा नव्हता. माणूस प्रेमळ होता, मुलांना दरीतलं देऊळ बोटानं दाखवत होता. म्हणूनच ही गोष्ट मला लिहावीशी वाटते. दुष्टपणा असता तर दोष देऊन मोकळं होता आलं असतं. इथं सगळी चांगली माणसं होती, आणि तरीही त्या गाडीत एका बाईची सहल झालीच नव्हती. तिची रात्र पीठ काढून ठेवण्यात, दही लावण्यात गेली असणार. पहाटे सगळे झोपेत असताना तिनं तवा ठेवला असणार. सुटीच्या दिवशी तिचं काम घरातून उठून गाडीत आलं, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी परतल्यावर बाकीचे "दमलो बुवा" म्हणत आडवे होतील तेव्हा दह्याचा आंबूस वास सुटलेले डबे घासायला कोण उभं राहील, हे सांगायला नको.

याच रेल्वेमार्गाचा इतिहास मला इथं आठवतो. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावली. पुढे 1906 साली पंढरपूरकडे फाटा गेला, आणि येडशीचा घाट चढून 1911 साली गाडी लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं ती आखली. त्या काळी अशा अरुंद रुळांवर जड वाहतूक होणार नाही, असं अनेकांचं मत होतं. कॅलथ्रॉपनं काय केलं? इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडायचा नाही, असा नेम घातला. इंजिन जड असेल तर त्याला चाकं जास्त, पण एका जोडीवर ओझं तेवढंच. भार असा सारखा वाटला म्हणून यार्डाला तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरून कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी अशी सगळी वाहतूक झाली. 2008 साली रुंद रूळ पुरे झाले, धाराशिव शहराला बगल देणारी लाइन शहरातून गेली आणि ती लहान गाडी थांबली. तिची ही मांडणी मात्र प्रत्येक घरानं समजून घ्यावी. आपल्या घरांत सगळा भार एकाच आसावर असतो, आणि तो आस मोडत नाही म्हणून त्याला भार होतच नाही, असं आपण धरून चालतो.

या छोट्या गाडीनं आपल्या आज्या-पणज्या पंढरपूरला गेल्या. त्यांच्या आयुष्यात घराबाहेर पडायला वारी आणि जत्रा एवढीच निमित्तं होती. तिथंही शिदोरी त्यांच्याच डोक्यावर, चूल त्यांनीच मांडायची. आता गाडी बदलली, रूळ बदलले, बायका नोकरी करू लागल्या. शिदोरी मात्र अजून त्याच हातांत आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा बायकाच देतात. "मला कुठं खिडकी लागते? पोरांनी बघितलं म्हणजे मी बघितलं." या बोलण्यातली माया खोटी नाही, आणि तिचा अनादर करायचा माझा हेतू नाही. पण घरातल्या माणसांनी हे उत्तर दरवेळी खरं मानून घेणं मला पटत नाही. ज्या मुलीला लहानपणी खिडकीसाठी भावाशी भांडताना दटावलं गेलं, ती मोठी झाल्यावर खिडकी मागत नाही. मागत नाही म्हणजे नको असते, असं नव्हे. तिला विचारूही नका; विचारलं की ती नाहीच म्हणेल. उठा आणि जागा द्या.

"आईच्या हातच्या धपाट्यांची सर कशाला नाही" हे कौतुकही थोडं आवरायला हवं. ते मनापासून असतं, पण त्यानंच पुढच्या सहलीचं पीठ तिच्या गळ्यात पडतं. बार्शीत खानावळी आहेत. एक दिवस तिथं जेवलं म्हणून घराचं काही बिघडत नाही. घरचंच हवं असेल तर नवऱ्यानं पीठ मळावं, धपाटे जाड झाले तर जाड खावेत. दहा वर्षांच्या मुलाला पाण्याच्या बाटल्या आणि आजीच्या गोळ्या सांभाळता येतात. परतल्यावर डबे कोण घासणार, हे निघण्याआधी ठरवावं. आणि येडशी सुटल्यापासून पांगरी येईपर्यंत कुणीही खायला मागायचं नाही, हे पोरांना स्टेशनावरच सांगून ठेवावं. तेवढा वेळ पोरं उपाशी राहिली तर काही होत नाही.