मशीन दिली, ऑर्डर कोण देणार?

शिलाई मशीन वाटली, फोटो काढला, अहवालात ‘अल्पसंख्याक महिला उद्योजकता विकास’ असे लिहून टाकले. परभणीसारख्या जिल्ह्यांत कंपन्यांच्या सीएसआरची (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची) ही रीतच पडून गेली आहे आणि ती मला मनापासून खटकते. धंदा गिऱ्हाइकावर चालतो. चार घरांचे फॉल-पिको झाले, ईदच्या आधीचा पंधरवडा संपला, की मशीनवर चादर पडते आणि चादरीवर धान्याचे डबे चढतात.

दानधर्म, गांधीजींचे विश्वस्ततत्त्व, टाटा-बजाज, मग 2013 चा कंपनी कायदा आणि नफ्यातले दोन टक्के, ही सीएसआरची वाट वाचकांच्या पायाखालची आहे. मला थांबायचे आहे ते कोल्हापुरात.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या दलित नोकराला शाहू महाराजांनी मदत केली आणि त्यांनी चहाचे हॉटेल काढले. भाषणातली गोष्ट बहुधा राजाच्या औदार्यापाशी संपते. प्रत्यक्षात सवर्ण त्या हॉटेलाकडे फिरकेनात. भांडवल मिळूनही धंदा बसायच्या बेतात होता. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात थांबवू लागले. स्वतः चहा घेत, सोबतच्यांनाही घ्यायला लावत. सहीसाठी आलेल्यांनाही आधी गंगारामांचा चहा प्यावा लागे, असे सांगतात. महाराजांचे खरे धाडस इथे आहे. पैसे देऊन लांब राहता येते. हातचा चहा प्यायचा तर स्वतःची प्रतिष्ठा पणाला लागते. त्याच सुमारास मुंबईत बाबासाहेब आंबेडकरांचा शेअर सल्ल्याचा व्यवसायही जात कळताच गिऱ्हाईक तुटून बंद पडला. कोलंबियात शिकलेल्या अर्थतज्ज्ञाला ज्ञान कमी पडले, असे कोण म्हणेल?

मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची संघटना ‘डिक्की’ स्थापन केली, तीही मला गिऱ्हाइकाच्या याच धाग्यातली वाटते. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात दलित-आदिवासी उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे उद्दिष्ट आले. परभणीतल्या गादीचा कापूस पिंजणाऱ्या मुस्लिम नदाफाला किंवा कपडे शिवणाऱ्या मोमिनाला त्यात जागा नाही. परभणी हा केंद्राच्या अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांच्या यादीत आला, मौलाना आझाद महामंडळाच्या कर्जयोजना आल्या. पण कर्ज फेडायलाही माल विकला जावा लागतो.

सीएसआरच्या नियमांनी तर गाठ आणखी घट्ट केली आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवहारातला खर्च सीएसआर म्हणून धरता येत नाही. म्हणजे मशीन फुकट दिली तर पुण्य हिशेबात येते; त्याच मशीनवर आपल्या कामगारांचे गणवेश शिवून घेतले तर येत नाही. त्यामागचे कारण मला समजते, नाहीतर प्रत्येक कंपनी आपली खरेदीच समाजसेवा म्हणून दाखवील. पण त्या दोन टक्क्यांबाहेर कंपनीची सगळी खरेदी उरतेच, आणि तिथे कोणताही नियम हात धरत नाही. वसतिगृहाच्या गाद्या, गणवेश, कार्यालयातला चहा, छपाई: यातले किती परभणीच्या अशा छोट्या व्यावसायिकांकडून घेतले आणि बिल लघुउद्योगांच्या कायद्याने सांगितलेल्या 45 दिवसांत चुकते केले का, हे कंपन्यांनी वार्षिक अहवालात मशीनच्या फोटोशेजारीच छापावे.